पेनड्राइव्ह मी मध्येच काढला

रोह्याच्या एका शाळेत मी शास्त्र आणि संगणक शिकवते. राहते पेणला, रामवाडीत. सकाळच्या गाडीने पेण सोडलं की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. हा प्रवास मी इतकी वर्षं केला आहे की डोळे मिटून बसले तरी कुठलं स्टेशन आलं ते कळतं.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर कासूला चढायचे. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, उंच, जरा वाकलेले, खांद्याला कापडी पिशवी. घरची भातशेती, आणि भात निघालं की त्याच जमिनीत वाल. सकाळी शेतात एक फेरी मारून मग ते गाडीला यायचे. त्यामुळे त्यांच्या नखांत कधी माती असायची, कधी रंग. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला बाई.

दर जूनमध्ये पाचवीत नवी मुलं आली की पहिल्या आठवड्यात सर त्यांना एकच चित्र काढायला सांगत. तुझ्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता. बाकी काही सूचना नाही. कुणी नुसती एक रेघ काढून दोन टोकांना दोन घरं काढायचं, कुणी वाटेतली विहीर, रेल्वेचं फाटक, चावणारं कुत्रं, कंपनीची चिमणी सगळं काढायचं आणि शाळेला जागाच उरायची नाही. पूर्वी सर ती चित्रं गठ्ठे बांधून कोठीच्या खोलीत ठेवत. एका पावसाळ्यात कुंडलिकेचं पाणी त्या खोलीत शिरलं आणि गठ्ठ्यांचा लगदा झाला. त्यानंतर सरांनी एक साधा डिजिटल कॅमेरा घेतला आणि प्रत्येक चित्राचा फोटो काढायला सुरुवात केली. आधी ते फोटो सीडीवर होते. आमच्या हवेत सीडीलाही बुरशी धरते, हे तोपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. जे वाचलं ते सरांनी एका पेनड्राइव्हवर घेतलं आणि पुढची प्रत्येक पाचवी त्यातच भरत गेले. प्रत्येक फोटोला मुलाचं नाव, तुकडी, वर्ष. अशी अठराशेच्या आसपास चित्रं त्या बोटभर पेनड्राइव्हवर होती.

आमच्या संगणक कक्षात दहा कॉम्प्युटर आहेत. त्यातला कोपऱ्यातला एक फार जुना. त्याला इंटरनेट नाही, कुणी वापरत नाही. सर मात्र शनिवारी त्याच्यावरच बसायचे. शनिवारी सकाळची शाळा लवकर सुटते आणि कासूला थांबणारी गाडी बरीच उशिरा असते. मधल्या वेळात सर चित्रांचे फोटो बघायचे, तिरके आलेले सरळ करायचे, नावं दुरुस्त करायचे आणि शेवटी पेनड्राइव्ह डीफ्रॅग करायला लावायचे.

पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा मला हसूच आलं. पडद्यावर उभे बारीक पट्टे दिसत होते. तुकड्या-तुकड्यांत विखुरलेल्या फाइली लाल, सलग असलेल्या निळ्या, रिकामी जागा पांढरी. हळूहळू लाल पट्टे कमी होत जातात आणि निळे एकमेकांना लागून बसतात. सर खुर्चीत मागे रेलून, हाताची घडी घालून, समोर भातलावणी चालू असल्यासारखे ते बघत होते.

"सर, पेनड्राइव्ह डीफ्रॅग करायचा नसतो," मी म्हटलं.

"का ओ?"

मी समजावून सांगितलं. हार्डडिस्कमध्ये एक तबकडी फिरते आणि तिच्यावर सुईसारखा हात सरकतो. फाइल दहा ठिकाणी तुकड्यांत असली की त्या हाताला दहा ठिकाणी पळावं लागतं, म्हणून कॉम्प्युटर मंद होतो. तिथे तुकडे गोळा करून एका जागी लावले की फायदा होतो. पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काहीच नाही. या कोपऱ्यातलं वाचा की त्या कोपऱ्यातलं, वेळ तेवढाच. उलट त्याच्यावर किती वेळा लिहायचं याला मर्यादा असते. डीफ्रॅग म्हणजे सगळं उचलून पुन्हा लिहायचं. म्हणजे फायदा काही नाही आणि झीज मात्र होते.

सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आम्हाला ट्रेनिंगला सांगितलेलं, आठवड्यातून एकदा करायचंच."

"ते हार्डडिस्कचं, सर."

"असंल. पण इतकी वर्षं करतोय, काय झालं नाय त्याला."

"झालं नाही म्हणजे होणार नाही असं नाही ना."

"व्हय, ते पन खरं," असं म्हणून ते परत पडद्याकडे बघायला लागले.

मी पेणच्या जुन्या शिक्षकांच्या घरातली. शिक्षण पुण्याला झालेलं. एखादी गोष्ट बरोबर माहीत असली की ती समोरच्याने मानलीच पाहिजे, असं मला वाटायचं. पुढची दोन वर्षं मी सरांच्या मागे लागले होते. गाडीत विषय काढायचे, स्टाफरूममध्ये काढायचे. एकदा त्या जुन्या कॉम्प्युटरवर मी कागदच चिकटवला: "पेनड्राइव्ह डीफ्रॅग करू नये." दुसऱ्या शनिवारी बघते तर त्या कागदाच्या खाली पेन्सिलीने एक छोटा पेनड्राइव्ह काढलेला, त्याला दोन पाय, हातात छत्री, आणि तो माझ्या अक्षरांकडे वर मान करून बघतोय. मुलं दोन दिवस ते बघायला येत होती. मी चिडले आणि कागद काढून टाकला. आता वाटतं, ठेवायला हवा होता.

आणि आता हेही वाटतं की त्या दोन वर्षांत मी एकदाही सरांना विचारलं नाही, की याची दुसरी कॉपी कुठे आहे का? संगणकाच्या बाईंनी विचारायचा पहिला प्रश्न तो. पण माझं सगळं लक्ष सरांचं चुकतंय कुठे याच्याकडे होतं.

ज्या वर्षी सर निवृत्त होणार होते, त्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. शनिवार होता. शाळा सुटली होती आणि मला सोमवारच्या चाचणीच्या प्रश्नपत्रिका छापून ऑफिसात द्यायच्या होत्या. आमचा प्रिंटर त्या जुन्या कॉम्प्युटरलाच जोडलेला होता, कारण नव्या कॉम्प्युटरशी त्याचं जमत नव्हतं. आणि त्या कॉम्प्युटरचं पेनड्राइव्ह लावायचं एकच भोक धड चालायचं. त्यात सरांचा पेनड्राइव्ह होता. सर जागेवर नव्हते. मुख्याध्यापिकांनी त्यांना सेवापुस्तकावर सह्या करायला ऑफिसात बोलावलं होतं. मॉनिटर काळा पडला होता, बराच वेळ कुणी हात लावला नाही की पडतो तसा. पेनड्राइव्हवरचा लाल दिवा लुकलुकत होता.

तो दिवा मी बघितला. हे मला स्पष्ट आठवतं. दिवा लुकलुकतोय म्हणजे काम चालू आहे, हे मी सहावीच्या मुलांना शिकवते. मला कळलं की डीफ्रॅग चालू असणार. आणि माझ्या मनात आलं, त्या बिनकामाच्या गोष्टीसाठी मी किती वेळ थांबायचं?

मी पेनड्राइव्ह काढला, कीबोर्डशेजारी ठेवला आणि माझा लावला. माउस हलवल्यावर पडदा उजळला. त्यावर काहीतरी चुकल्याची एक खिडकी होती. मी ती न वाचताच बंद केली आणि प्रश्नपत्रिका छापायला घेतल्या.

सर आले तेव्हा प्रिंटरचा आवाज चालू होता. त्यांनी आधी कीबोर्डशेजारी बघितलं, मग पडद्याकडे.

"झालेलं काय ते, बाई?"

"काय?"

"पट्टे. पूर्ण झालेलं? का तुम्ही मध्येच काढलात?"

"सर, मला छापायचं होतं," एवढंच मी म्हणाले.

ते माझं छापून होईपर्यंत बाजूला उभे राहिले. मग बसले आणि पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर सूचना आली, की हा ड्राइव्ह फॉरमॅट केलेला नाही, आता करायचा का? सरांनी माउस पुढे नेला. मी जवळजवळ ओरडले, "नको! हात लावू नका!"

पुन्हा काढून लावला. तेच. मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितला. तिथेही तेच. अठराशे चित्रं होती तिथे कॉम्प्युटरला आता काहीच दिसत नव्हतं.

सर बराच वेळ त्या सूचनेकडे बघत राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "गेलं वाटतं."

"सर, दुसरी कॉपी?" मी तेव्हा विचारलं. पहिल्यांदा.

त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

मी म्हटलं, मी हा पेणला घेऊन जाते, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, तो काढून देईल. त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. त्या दिवशी गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. पिशवीत त्यांनी माझ्यासाठी वालाच्या शेंगा आणल्या होत्या, दरवर्षी आणायचे. कासू आलं तेव्हा ती पुरचुंडी माझ्याशेजारी बाकावर ठेवली आणि उतरले. रोज उतरताना "येतो ओ बाई" म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले नाहीत. शेंगा मी घरी नेल्या, पण दोन दिवस माझ्याने सोलवल्या नाहीत.

रामवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे. आधी नागोठण्याकडे एका कंपनीत शिफ्टमध्ये होते, मग ते सोडून हे दुकान टाकलं. कमी बोलतात. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, फक्त दिवा लुकलुकत होता आणि डीफ्रॅग चालू होतं ते सांगितलं नाही.

"यात काय लिहिलंत का नंतर?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चांगलं केलंत. आता मी आधी याची जशीच्या तशी नक्कल घेतो. काम करायचं ते नकलेवर. मुळाला हात नाय लावायचा."

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. पेनड्राइव्हमध्ये एक यादी असते, कुठली फाइल कुठून कुठपर्यंत आहे त्याची. ती यादी खराब झाली आहे. फोटो आत असतीलही, पण ते कुठे आहेत हे सांगणारं कुणी नाही. त्यावर एक उपाय असतो. प्रत्येक फोटोची सुरुवात एका ठराविक खुणेने होते. प्रोग्राम ती खूण शोधत जातो आणि जिथे सापडेल तिथून पुढे सलग वाचत सुटतो.

"मिळतील?" मी विचारलं.

"बघू. बुधवारी या."

सोमवारी सकाळी सर कासूला चढले आणि दुसऱ्या डब्यात बसले. ते चढताना मला खिडकीतून दिसले होते, त्यांनाही मी दिसले असणार. मंगळवारी ते माझ्या डब्यात आले, पण रोह्यापर्यंत पेपर वाचत होते. स्टाफरूममध्ये ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलले, खडू द्या, हजेरी द्या एवढं. कुणालाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारी शाळेतून परस्पर मी दुकानात गेले. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर ओळीने छोटी छोटी चित्रं होती. घरं, रस्ते, पूल, रेल्वेचे रूळ, खाडी, मिठागरांचे चौकोन. खाली सरकवत नेलं तरी संपेनात.  मी पदराने चष्मा पुसल्याचं नाटक केलं.

"जवळपास सगळी आलीत," ते म्हणाले. "चौदा अर्धवट आहेत. वरचा भाग आलाय, खाली करडं. आणि नावं गेली सगळी. यादीतच असतात ना नावं. आता नुसते नंबर आहेत. तारखा मात्र फोटोच्या पोटात असतात, त्या आहेत."

मग पेनड्राइव्ह माझ्या हातात देताना त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, हा कोण डीफ्रॅग करत होतं का?"

"का?"

"एवढ्या सगळ्या फाइली सलग कुठे असतात हो? तुकड्यांत असत्या तर निम्मी चित्रं अशी करडी झाली असती. प्रोग्राम सुरुवातीपासून सलग वाचतो, मध्ये दुसऱ्याचा तुकडा आला की फसतो. इथे कुणीतरी सगळं लावून ठेवलेलं. म्हणून निघाली."

मी घरी चालत आले, चार मिनिटांचा रस्ता, तो मला त्या दिवशी लांब वाटला. हे सरांना सांगायलाच हवं का, असाही विचार मनात येऊन गेला. चित्रं मिळाली एवढं सांगितलं तरी ते खूश झाले असते. शेवटची गोष्ट त्या दुकानदाराशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

गुरुवारी गाडी पेणहून सुटली तेव्हापासून मी दाराशी उभी होते. कासूला सर प्लॅटफॉर्मवर दिसले तसं मी हात करून त्यांना माझ्या डब्यात बोलावलं. बसल्या बसल्या, रात्री चित्रं घालून ठेवलेला मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. एक चित्र बघितलं, दुसरं बघितलं. बोटाने सरकवत राहिले. नागोठणं येऊन गेलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

"सर, नावं गेली," मी म्हटलं.

"नावं गेली ती जाऊंद्या," ते म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. दिवा लुकलुकत होता ते. मी बघितला होता ते. बिनकामाचं चाललंय म्हणून काढला ते. आणि दुकानदार काय म्हणाले ते, जसंच्या तसं.

सरांनी मोबाईल खाली ठेवला. "म्हणजे पट्टे लावलेले ते उपयोगी पडलं?"

"हो."

"आणि पट्टे लावत होतो म्हणूनच बिघडलं?"

"नाही. मी काढला म्हणून बिघडलं."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बाई, खरं सांगू काय? उपयोग हाय का नाय, ते मी कधी इचारलंच नाय हो. मला ते बघायला आवडायचं. लाल निळं होतं, जागच्या जागी जाऊन बसतं. शनवारी गाडीला टाइम असतो, दुसरं काय करायचं?"

"मला सांगायचं ना तसं."

"तुम्ही शास्त्र सांगत होता. त्याच्यापुढं आवडतं म्हणून कसं सांगायचं?"

 निडी गेल्यावर त्यांनीच विचारलं, "मग आता काय? करायचं का नाय करायचं?"

"नाही करायचं," मी म्हटलं. "तीन ठिकाणी कॉपी ठेवायची. हे एकदा उपयोगी पडलं, पण त्याच्या भरवशावर बसायचं नाही."

"बरं," सर म्हणाले. पुन्हा त्यांनी तो पेनड्राइव्ह डीफ्रॅग केला नाही. मी म्हटलं, तसले पट्टे बघायचेच असतील तर त्या कॉम्प्युटरच्या आतल्या हार्डडिस्कचे बघा, तिथे ते करायचंच असतं. तर म्हणाले, नको, त्यात चित्रं कुठं हायत?

त्यानंतरचे सगळे शनिवार आम्ही दोघांनी नावं लावण्यात घालवले. तारखांवरून वर्ष कळायचं. त्या वर्षीचं हजेरीपत्रक ऑफिसातून आणायचं आणि एकेक चित्र उघडायचं. मला वाटलं होतं, वर्गातली पाच-दहा नावं आठवली तरी खूप. पण सर चित्रातला रस्ता वाचायचे.

"हा बघा, पूल वलांडून उजवीकडं वळला. म्हंजे अष्टमीकडचा. त्या साली तिकडून सहाच जण होते." मग हजेरीपत्रकावरून बोट फिरवायचे. "त्यातल्या दोन मुली. हा पोरग्याचा हात हाय, पेन्सिल किती दाबलीय बघा. आणि ह्याच्या दारात टेम्पो हाय. टेम्पो कोणाच्या घरी होता?" आणि नाव सांगायचे. मी ते टाइप करायचे.

कधी अडलं की ते डोळे मिटून तो रस्ता चालून बघायचे. खरंच, ओठ हलायचे. देऊळ, गिरण, मोरी, मग आंबा. "आंब्याच्या आधी गिरण म्हंजे खालच्या आळीतली. वरच्या आळीतून आलं तर आधी आंबा लागतो." आपल्या शाळेची मुलं कुठल्या वाटेने येतात, हे इतक्या वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं. मी स्टेशनवरून सरळ शाळेत यायचे आणि शाळेतून सरळ स्टेशनवर जायचे. त्या शनिवारांत मी तो सगळा परिसर सरांच्या बोटाला धरून फिरले. एका चित्रात रस्ताच नव्हता, नुसतं पाणी आणि होडी होती. मी म्हटलं, या मुलीला विषय समजला नाही बहुतेक. सर म्हणाले, "समजला ना. ती खाडीपलीकडून यायची. तरीच्या होडीतून."

असं करत मार्च सरला. शेवटी साठ-सत्तर चित्रं उरली, ज्यांचं काही केल्या जुळत नव्हतं. आणि ती चौदा अर्धी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सरांच्या निरोपाच्या दिवशी ही सगळी भिंतीवर लावू, माजी विद्यार्थी येतील ते ओळखतील. मला शंका होती. पाचवीतलं चित्र कुणाला आठवतं?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निरोप समारंभ झाला. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. सर बोलायला उभे राहिले आणि "मला बोलता येत नाय, तुम्ही चित्रं बघा" म्हणून बसले. मग सगळे सभागृहाच्या भिंतींकडे गेले. पेणहून, नागोठण्याहून, धाटावच्या कंपन्यांतून शिफ्ट बदलून लोक आले होते. नाव लावलेली चित्रं सापडली की मोबाईलवर फोटो, हसणं, आरडाओरडा. पण मी उभी होते ती बिननावाची चित्रं लावलेल्या फळ्याजवळ.

तिथे एक बाई आल्या. कासूच्या आतल्या गावातल्या, शेतावरून तशाच आल्यासारख्या, सोबत सासू. फळ्यासमोरून एकदा गेल्या, परत आल्या आणि एका चित्रावर बोट ठेवलं. "हे माझं."

"कशावरून?" मी विचारलं. मला उलटतपासणी घ्यायची नव्हती, पण तसं वाटलं असणार.

"ही म्हस काळी नाय, तांबडी हाय. माझ्याकडं काळा रंग संपलेला." मग सासूकडे वळून म्हणाल्या, "आत्या, बघा, आमचं घर."

सासूने चित्राजवळ तोंड नेऊन बघितलं. "गो, हे तुझं म्हायार? मोठं हाय की."

"कुठं मोठं? म्या मोठं काढलंय," त्या म्हणाल्या, आणि दोघी हसायला लागल्या.

संध्याकाळपर्यंत त्या फळ्यावरची निम्म्याहून जास्त चित्रं ओळखली गेली. अर्ध्या चित्रांचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. मी ती कोपऱ्यात लावली होती, जरा लाजतच, कारण ती माझ्यामुळे अर्धी होती. एसटीच्या ड्रायव्हरच्या खाकी कपड्यांतला एक माणूस तिथे बराच वेळ उभा होता. चित्रात वर शाळा, झेंडा, खाली वळण घेणारा रस्ता आणि मग एकदम करडं. त्याचं घर त्या करड्यात गेलं होतं.

सर त्याच्याजवळ गेले. "तुझं काय?"

"व्हय सर. खाली आमचं घर होतं. आणि चिंच." तो थांबला. "आता ती चिंच पण नाय आणि तो रस्ता पण नाय. हायवेत गेलं सगळं. आम्ही मागं सरकलो."

सरांनी खिशातली पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली.

"आता मला काय येतंय, सर."

"तेव्हा तरी कुठं येत होतं?"

आजूबाजूचे हसले. त्याने पेन्सिल घेतली, भिंतीशी वाकला आणि त्या करड्या भागावर घर काढायला लागला. गाडी चालवणारा हात, रेघ अगदी सावकाश. आधी चिंच काढली, मग घर, मग पायरी. पायरीवर काहीतरी काढलं, ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. झाल्यावर त्याने पेन्सिल सरांना परत दिली, चित्राचा फोटोही काढला नाही, आणि ड्यूटी आहे म्हणून निघून गेला.

मेअखेर सर निवृत्त झाले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नवीन चित्रकला शिक्षक आलेले नव्हते. पहिल्या आठवड्यात पाचवीच्या वर्गावर मी गेले, कागद वाटले आणि मुलांना रस्ता काढायला सांगितला. फोटो काढले, नावं घातली, तीन ठिकाणी ठेवले. तिसरी कॉपी सरांच्या घरी असते, कासूला. ती द्यायला मी मुद्दाम एका रविवारी उतरले होते. त्यांच्या घरच्यांनी जेवायला घातलं, आणि जेवल्यावर सरांनी सगळी चित्रं एकेक करून बघितली. मध्येच म्हणाले, "ही नवी वाट दिसतेय. मला म्हाईत नाय." आणि दुसऱ्या दिवशी ते ती वाट बघायला गेले होते, असं मला नंतर कळलं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. मुलाने त्यांना नवा मोबाईल घेऊन दिला आहे.

"बाई, ह्यात एक झाडू दिसतोय. साफ करा, साफ करा म्हणून पाठी लागलाय. करू काय?"

नको, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"सर," मी म्हटलं, "आधी मला सांगा, त्यात काय काय ठेवलंय तुम्ही?"

"थांबा, सांगतो," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मीही माझी खुर्ची ओढून बसले.